डब्यात काय वाजतं

भुलाबाईच्या दिवसांत आमच्या रिसोडच्या गल्लीत पोरींची अक्कल एकाच गोष्टीवर ठरायची. डब्यात काय वाजतं ते सांगता येतं की नाही. पाढे येतात का, हे कोणी विचारत नसे. मला पाढे येत होते. डब्यातलं कधीच कळलं नाही.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेला पोरी मातीची भुलाबाई मांडायच्या, ती कोजागरीपर्यंत. रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायच्या. गाणी झाली की घरची बाई आतून एक झाकलेला डबा आणायची, दोन्ही हातांनी वाजवायची अन् विचारायची, "सांगा पोरीहो, काय हाये?" खाऊ ओळखला तर झाकण निघायचं. जिनं ओळखलं तिच्या हातावर पहिला खाऊ. कोणालाच ओळखता नाही आला तर बाई डबा घेऊन आत जायचं सोंग करायची अन् आम्ही तिच्या लुगड्याला लोंबकळायचो.

माझी मैत्रीण आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिच्या बापाची शेती, माझ्या बापाचा गावाबाहेर भाजीचा मळा. तिचा कान असा की काय सांगू. फुटाणे, मुरमुरे तर कोणीही ओळखेल. ती गुळाचा खडा वेगळा सांगायची अन् खडीसाखर वेगळी. डबा हलवून काहीच वाजलं नाही तर म्हणायची, "भिजली डाळ हाये. बुडाले चिकटली." झाकण काढलं की डाळच.

तिला हरवायला बाया काय काय करायच्या. एक अडत्याची बायको होती, मोठी इरसाल. तिनं एकदा चौकातल्या गोळेवाल्याकडून बर्फाचा खडा आणून डब्यात घातला. आम्ही यायच्या वेळेला आणला असेल, पण आदल्या घरी आम्ही गाण्यावरून भांडत बसलो अन् उशीर झाला. तिच्या दारात पोचून गाणी म्हणेपर्यंत आणखी वेळ गेला. मग तिनं डबा हलवला. मैत्रिणीनं कान दिला.

"पानी हाये, काकू."

"पानी कायले ठेवीन मी? हारली! आज हारली वं पोरगी!"

"पानीच हाये. उघडा."

काकूनं ऐटीत झाकण काढलं अन् आत पाहून कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय वं! बर्फ होता हा!" नियमाप्रमाणे पहिला घोट मैत्रिणीला मिळाला. ती तो प्याली अन् तोंड पुसून म्हणाली, "गोड झाला, काकू." पुढं कितीतरी वर्षं गल्लीत कोणी काही कबूल करून दिलं नाही की आम्ही म्हणायचो, हा अडत्याचा खाऊ.

माझं डोकं या कामात धोंडा. कोणताही डबा वाजला की मला शेंगदाणेच ऐकू यायचे. मी आपली दर घरी "शेंगदाणे" म्हणायची. पोरींनी माझं नावच शेंगदाणा पाडलं. मी चिडायची, रडायची, पण दुसऱ्या घरी पुन्हा शेंगदाणेच.

एका संध्याकाळी आम्ही अशाच अंगाला अंग लावून दारात उभ्या होतो. मैत्रिणीनं पाठीमागून माझा तळहात धरला अन् त्यात मूठ दाबली. मला वाटलं ढकलून राहिली. मी तिला कोपर मारलं. त्या घरचा खाऊ दुसरीच पोरगी जिंकली. घरी येताना ही म्हणाली, "लाडू सांगून राह्यली होती तुले, म्हशी."

मग आमची हातांची भाषा ठरली. मूठ दाबली की लाडू. बोट गोल फिरवलं की चकली. नखानं खरवडलं की खोबऱ्याचा कीस. टिचक्या मारल्या की फुटाणे. अन् तळहाताच्या कडेला एकापुढे एक बारीक चिमटे घेत गेली की करंजी, जशी तिच्या कडेला मुरड घालतात तशी.

रोज एक घर माझं असायचं. कोणतं, ते ती ठरवायची. त्या घरी ती नुसती गप्प बसत नसे. तोंड अर्धं उघडं, डोळे आढ्याकडे, जशी काही मठ्ठ पोरगी. बाई विचारायची, "तू आज काहून गप वं?" ही म्हणायची, "नाई कळून राह्यलं, काकू." तिचं ते तोंड पाहून कोणाची हिंमत होणार नाही म्हणायची की हिला माहीत आहे. मग मी ओरडायची, "करंजी!" अन् सगळ्या पोरी माझ्याकडे वळून पाहायच्या.

मी एकदा तिला विचारलं, "काहून सांगतं वं मले?"

"मले रोज पहिला खाऊ खाऊन कंटाळा आला."

एवढंच. उपकार केले असं तिला वाटलं नाही, मलाही नाही.

पुढं दोघींनाही गावातच दिलं. मला मळ्यावाल्याकडेच, म्हणजे एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात. चौथीनंतरची माझी शाळा म्हणजे वांगी, मेथी अन् सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाजारात मी दुकान मांडून बसले की ती पिशवी घेऊन यायची अन् गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "हे वांगे नाई, अळ्याइचे घरं हायेत. दे अर्धा किलो." माझ्या करंज्या तेलात पडल्या की कडेला उकलायच्या. लहानपणी मुरडीच्या खुणेवर जिंकले पण मुरड काही हाताला बसली नाही. ती म्हणायची, "तुह्या करंज्या हासतात." तिच्या पोराला मी शेंगदाणा मावशी. त्याला बोलता येऊ लागल्यापासून तो तसंच म्हणतो. आता त्याचे केस पिकले.

दोघींचे नवरे गेले. रडायचं तेवढं रडलो. तिचा पोरगा पुण्याला नोकरीला. त्यानं तिला एकदा नेलं होतं. काही दिवसांत बाई एसटीत बसून परत. म्हणाली, "दाराले दार हाये तिथं, पन कोनी कोनाचं दार वाजवत नाई. मी तं बाप्पा रिसोड सोडून मराची नाई." हे ती इतक्या जणांना सांगत फिरली की किराणावाल्यालासुद्धा पाठ झालं.

यंदा उन्हाळ्यात तिला लकवा मारला. वाशीमच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. डावा हात थोडा हलायचा. पोरगा सुट्टी काढून आला तो राहिलाच. मायला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, सगळं त्यानं केलं. कामाला बाई ठेवली होती, ती सोडून गेली. मग हा मायच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायचा. दिवसभर अंगणात फोनवर "हो सर, हो सर" चाललेलं. त्याची बायको अन् पोरं तिकडे. माणूस नुसता वाळून गेला. मी त्याला नावं ठेवणार नाही. मी माझ्या सासूचं इतकं केलं नाही.

भुलाबाई बसली त्या दिवसांत त्यानं मला सांगितलं की पुण्याला घराजवळ एक जागा पाहिली आहे, तिथं अशा माणसांना सांभाळतात. कोजागरीच्या आधी नेतो.

मी म्हटलं, "तिनं सांगतलं होतं ना बापू, रिसोड सोडाचं नाई म्हनून."

"माहीत हाये ना मावशी. तिले समजत असतं तं मी नेलंच नसतं. नोकरी गेली असती तरी इथंच राह्यलो असतो. पन तिले आता रिसोड काय अन् पुनं काय."

"समजते तिले."

"कायवरून म्हनता?"

मी रोज जाऊन तिच्याजवळ बसायची, गावातलं बोलायची. ती भलतीकडेच पाहायची. हाक मारली तरी मान वळायची नाही. खोटं कशाला बोलू, मलाही खात्री नव्हती.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी करंज्या केल्या. दुपारी डबा घेऊन निघाले. सोयाबीनचा हंगाम, धान्याच्या मोंढ्याकडे ट्रॅक्टरांची रांग, कुटाराची, भुशाची धूळ डोळ्यांत जाते. तिच्या घरी पोचले तर पोरगा अंगणात फोनवर होता. त्यानं हातानंच आत जा म्हटलं.

मी खाटेवर तिच्या डाव्या अंगाला बसले. माझा तळहात तिच्या हाताखाली सारला. दुसऱ्या हातानं डबा तिच्या कानाजवळ धरून हलवला.

"सांग वं, काय हाये?"

काही नाही. पुन्हा हलवला. पंखा फिरत होता, बाहेर "हो सर" चाललं होतं. मला माझीच लाज वाटली. म्हातारपणी हे काय पोरखेळ. डबा खाली ठेवणार, तेवढ्यात तिचा अंगठा हलला. अंगठा अन् बोट माझ्या तळहाताच्या कडेला आले. एक चिमटा. मुंगी चावावी एवढाच. मग बोटं पुढं सरकली. अजून एक चिमटा. पुन्हा सरकली. पुन्हा चिमटा.

मुरड घालत होती बाई.

माझ्या तोंडून निघालं, "अन् हासून राह्यल्या का त्या?"

तिच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. तो मी पाहिला. माझे डोळे गेले असं कोणी म्हणू नये, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे.

मी आरडाओरडा करून पोराला बोलावलं. तो फोन हातात घेऊनच धावत आला. मी त्याला डब्याचं, चिमट्यांचं, सगळं एका दमात सांगितलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. फोन खाटेवर ठेवला अन् मी उठले तिथं बसला. आपला तळहात तिच्या हाताखाली घातला.

"माय, सांग. एकदा सांग. सांगतलं ना, तं नाई नेत मी तुले. इथंच राहू आपुन."

मी डबा हलवला. आम्ही वाट पाहिली. खाटेवरचा फोन थरथरायला लागला. लोखंडी खाट, सगळ्या खाटेला थरथर गेली. त्यानं न पाहता फोन पालथा घातला. थरथर थांबली अन् पुन्हा सुरू झाली. ती त्याच्याकडे पाहत होती. इतक्या महिन्यांत मी तिला कोणाकडे असं पाहताना बघितलं नव्हतं. त्याचा आठवडाभर दाढी न केलेला चेहरा, चुरगळलेला शर्ट, सगळं नीट पाहिलं तिनं.

"सांग ना माय."

मी पुन्हा डबा हलवला. तेव्हा तिचे डोळे वर आढ्याकडे गेले. तोंड अर्धं उघडं राहिलं. हात त्याच्या तळव्यावर पिळून टाकलेल्या फडक्यासारखा.

ते तोंड मी ओळखते.

त्यानं तिचा हात उचलून चादरीवर ठेवला. मग हलकेच म्हणाला, "तुमाले भास झाला असन, मावशी."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. सोंग करून राह्यली ती, हे जिभेवर आलं होतं. मी म्हटलं असतं तर त्यानं ऐकलंही असतं कदाचित. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, आढ्याकडेच पाहत होती. कोणत्या घरी गप्प राहायचं ते तिचं तीच ठरवायची. मी ते कधी फोडलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "भासच झाला असन."

मग मी झाकण काढलं अन् पहिली करंजी त्याच्या हातावर ठेवली.

"मले काहून? मी कुठं ओळखलं?"

"खा मुकाट्यानं."

त्यानं तोंडात घातली तशी ती कडेनं फुटली अन् सारण शर्टावर सांडलं. "मावशी, अजूनही हासतात तुमच्या करंज्या," असं म्हणून तो हसला, अन् मग उठून अंगणात गेला. लवकर आत आला नाही. मी थोडं सारण बोटावर घेऊन तिच्या जिभेवर ठेवलं. तिनं गिळलं. मी तिचा हात पुन्हा हातात घेतला. तिनं काही सांगितलं नाही.

सकाळी गाडी आली तेव्हा मी गेले नाही. मेथी खुडायची होती. बाजाराचा दिवस होता, मेथी काही कोणासाठी थांबत नाही. खुडताना जुड्या लहानमोठ्या झाल्या, सून बोलली. बोलू दिलं.

लकव्याच्या माणसाचं असंच असतं, एकदा हात हलतो, एकदा नाही हलत. शेजारची नर्स बाई असं सांगते. थकली असेल, असं मीही मला सांगते. पोराचा फोन येतो, माय बरी आहे, कोणाकडे पाहत नाही म्हणतो. मी बरं म्हणते. त्यानं एकदा फोन तिच्या कानाला लावला होता. हाताची भाषा फोनवर चालत नाही. मी मेथीचा भाव सांगितला अन् ठेवला.

कोजागरीला आमच्या गल्लीतल्या दोन-चार पोरी आल्या. मोबाईलवर गाणी लावली, टिपऱ्या वाजवल्या. उरलेल्या करंज्यांचा डबा मी वाजवून दाखवला. "चॉकलेट! चिप्स!" म्हणाल्या. कोणालाच आलं नाही. वाटून टाकल्या. एक मागं राहिली होती. पोरी गेल्यावर मी झाकण लावून डबा कानाजवळ हलवला. आत काय आहे ते मला माहीत होतं. तरी मला शेंगदाणेच ऐकू आले.