उपडी केलेली बाटली

भिंत पडली तेव्हा माझी नात आत होती. धूळ इतकी उडाली की दार कुठे ते कळेना. माझा मुलगा, तिचा बाप, तिला हाका मारत होता आणि आतून आवाज नव्हता. शेजारचे विटा उपसायला धावले, मीही उपसायला बसले. खाटेखाली तिचा पाय दिसला. मग तो हलला.

तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर त्या हिवाळ्यात सारखी जमीन हादरत होती. सगळे बाहेर ताडपत्रीखाली राहायचे. धक्का बसला की घरात शिरायचं नाही, हे कोंबड्यांनाही कळलं होतं. ही शिकलेली मात्र आत पळाली, बाटल्यांसाठी.

बाहेर काढली तेव्हा कपाळ फुटलेलं आणि एकच बाटली छातीशी. बाकीच्या गेल्या.

"आजी, याचं पाणी झालं," म्हणाली आणि रडायला लागली. विटांखाली रडली नव्हती.

ती मुंबईला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती, शेवटचं वर्ष. सुट्टीत हॉस्टेल बंद, म्हणून बाटल्या घरी आणल्या होत्या. आत गार होऊन थिजलेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखं घट्ट काहीतरी. बाटली उपडी केली तरी पडायचं नाही. ते किती दिवस घट्ट राहतं, हे तिला बघायचं होतं.

मी जखमेवर हळद दाबत विचारलं, "यात डिंक घातलेला काय?"

"नाही गं. आत बारीक बारीक रेणू असतात, डोळ्याला न दिसणारे. एकातल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूची ओढ असते. तसे ते एकमेकांना धरतात, त्यांचे दोरे होतात, दोऱ्यांचं जाळं. पाणी त्यात अडकतं. एकेक पकड अगदी कच्ची असते, पण पुष्कळ झाल्या की धरून ठेवतात."

"जाळं विणतं कोण?"

"कोणी नाही. आपोआप."

"मग तू काय करतेस?"

"बघते."

"बघायला एवढं शिकावं लागतं?"

ती हसली, कपाळ दुखलं म्हणून थांबली. माझा मुलगा हसला नाही.

"बास झालं कॉलेज," तो म्हणाला. "बाटलीपायी मरायला निघालेली. आता इथेच राहायचं."

"राहते. परत जाऊन दाखवू तरी काय? पाणी?"

तिने असं म्हटलं ते मला आवडलं नाही. मी मुलाला म्हटलं, "मग वाणगावच्या बाजारात भाजी घेऊन बसव तिला. रसायनवाली भाजी म्हणून खपेल."

बाटली ताडपत्रीच्या खांबाशी पडून होती. दोन-तीन दिवसांनी मुलगाच ती ओतून द्यायला गेला. झाकण काढून उपडी केली. काही पडेना. त्याने झाकण लावून जोरजोरात हलवली, तर आत पाणी खळखळलं.

"बाबा, ओतू नका! ठेवा ती खाली!" नात ओरडली.

त्याने ठेवली. दिवसभर कोणाला जवळ जाऊ दिलं नाही, कुत्र्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच उपडी केली. घट्ट.

"कोणी हात लावला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "आपोआप."

नातीने कॉलेजच्या सरांना फोन लावला. हादऱ्याने तुटलेल्या पकडी पुन्हा जुळतात, हेच नीट लिहून आण, असं ते म्हणाले. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्याने एवढंच विचारलं, "डहाणूहून तुझी गाडी किती वाजता?"

ती गेली आणि पास झाली. भिंत पडली तेव्हा घरात ती एकटीच होती, आणि ती जगली. बाहेर असलेले आम्हीही सगळे जगलो. घरामागे बांधलेली एक शेळी मेली.