घड्याळाच्या जाहिरातीमागचा परिच्छेद

“लडकी को बोलो, पन्ना फाडने का नहीं. पीछे घडी का ऐड है, पैसा दिया है उन लोगों ने. खाली काला करो.”

मॅनेजर केबिनच्या दारात उभं राहून हे पॅकिंगवाल्या काकांना सांगत होते. मी तिथेच टेबलापाशी बसले होते, पण ते माझ्याशी थेट क्वचितच बोलत. मी गप्प असायचे म्हणून मला ऐकूही कमी येतं, असा त्यांचा समज असावा.

काका रत्नागिरीकडचे. हातातली दोरी खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. “ऐकलंस ना, बाय? आज पायजमे नाय शिवायचे. आज बातमी पुरायची.”

पायजमे म्हणजे आमचं रोजचं काम. परदेशी आणि भारतीय मासिकं मागवून बहारीनमधल्या दुकानांना पुरवणारी ती एजन्सी होती. गोडाऊन विमानतळापलीकडे, हिद्दच्या बाजूला. विमानातून गठ्ठे यायचे आणि दुकानांत जाण्याआधी माझ्या टेबलावरून जायचे. मुंबईच्या सिनेमासिकांतल्या नट्यांच्या उघड्या मांड्या आणि पाठी जाड मार्करने काळ्या करायच्या. काका शेजारून जाताना म्हणायचे, “जरा सैल शीव गो, बिचारीला उकडेल.” मी हसू दाबायचे.

दुसरं काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती, गावागावांत सरकारविरुद्ध निदर्शनं चालू होती. संध्याकाळी माहूजमधल्या आमच्या गच्चीवरून पश्चिमेकडे पाहिलं की खजुरांच्या वाड्यांवर जळत्या टायरांचा धूर दिसायचा. हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. सकाळी वर्तमानपत्र उघडावं तर त्यात हवामान, क्रिकेट आणि कुणी कुणाला अभिनंदनाची तार पाठवली ते. धुराचा एक शब्दही नसायचा. तो असलाच तर लंडनहून येणाऱ्या साप्ताहिकांत असायचा, आतल्या पानावर, कोपऱ्यात. तो कोपरा शोधून झाकायचा, हे माझं काम.

हे काम मला मिळालं ते माझ्या इंग्रजीमुळे. शाळा इंग्रजी माध्यमाची, वाचण्याचा वेग चांगला. बाबांना त्या इंग्रजीचा फार अभिमान. अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीच्या धगीत त्यांनी शिफ्ट केल्या त्या माझ्या फीसाठी. शाळा संपल्यावर त्या इंग्रजीला मिळालेली पहिली नोकरी ही अशी.

त्या दिवशी मॅनेजरांनी फक्त पान क्रमांक सांगितला होता. मी पान काढलं आणि सवयीप्रमाणे आधी वाचलं. खरं तर वाचायची गरज नव्हती. कुठून कुठपर्यंत झाकायचं ते पाहिलं की काम झालं. पण छापलेलं समोर आलं की न वाचता मार्कर टेकवणं मला जमत नसे.

परिच्छेद लहान होता. पहाटे घरांवर छापे पडतात, मुलांना उचलून नेतात, ती कुठे आहेत ते घरच्यांना सांगत नाहीत, असं सुरुवातीला होतं. पुढे एका मुलाबद्दल. वय एकोणीस, गावाचं नाव, त्याचं नाव. तुरुंगातून सुटून लंडनला पोहोचलेल्या एका माणसानं त्याला आत पाहिलं होतं. त्याला मनगटांनी टांगून ठेवत. त्याचे हात आता वर उचलले जात नाहीत, दुसरे कैदी त्याला घास भरवतात. मी जिवंत आहे एवढं माझ्या वडिलांना कळवा, असं त्यानं या माणसाला सांगितलं होतं.

ते नाव मला माहीत होतं.

आमच्या व्हॅनचे ड्रायव्हर त्याच गावचे. अरब लोक वडील माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अबू अमुक, म्हणजे अमक्याचा बाप. मी नोकरीला लागले तेव्हा सगळं गोडाऊन त्यांना तशीच हाक मारायचं. काकासुद्धा. मग एका पहाटे मुलाला घरातून नेलं. पोलीस चौकीवर विचारायला गेले तर उत्तर मिळालं, आमच्याकडे असा कुणी नाही. त्यानंतर काही दिवसांतच, कुणी ठरवल्याशिवाय, सगळे त्यांना ‘हाजी’ म्हणू लागले. मीही. ते नाव तोंडात घ्यायची भीती वाटायची. ते मी इथेही लिहिणार नाही. त्या घरची माणसं अजून तिथेच आहेत.

वाचून मी मान वर केली. रॅकच्या पलीकडे हाजी गठ्ठे उचलून व्हॅनकडे नेत होते. त्यांनी नेमकं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं नजर खाली घेतली. तेवढं पुरेसं होतं. गठ्ठा हातात घेऊन ते जरा वेळ तसेच उभे राहिले, मग बाहेर गेले.

मी मार्कर उघडला आणि काळं करायला लागले. पहिली प्रत, दुसरी, मग गठ्ठाच्या गठ्ठा. पानामागे घड्याळाची जाहिरात होती, त्यामुळे शाई पलीकडे उतरू नये म्हणून हात हलका ठेवावा लागे. एकेक ओळ, सावकाश. प्रत्येक प्रतीत ती ओळ झाकण्याआधी डोळ्यांखालून जायची. दुपारपर्यंत मला परिच्छेद पाठ झाला, शाळेतल्या कवितेसारखा, स्वल्पविरामांसकट.

रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं. घरात बाबा मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आईनं ऐकलं आणि उठून टीव्हीचा आवाज वाढवला. शेजारी कोण राहतं, ते आम्हाला नीट माहीत नव्हतं.

बाबांनी घास खाली ठेवला. “जे वाचलं ते तिथंच सोडून यायचं, बेटा. आपल्याले का करायचं आहे?”

“ही इज हिज फादर, बाबा.”

“अन् मी तुया बाप आहो. व्हिसा कंपनीच्या हातात आहे. उद्या विमानात बसवून देतील, सामान बांधाले टाइम नाही देणार. तुया भाऊ शाळेत आहे.”

“पण ते मला दिसतात. रोज,” मी मराठीत म्हटलं. बाबांशी मराठीत बोलायला लागले की ते ऐकून घेत.

या वेळी ऐकलं नाही. “नजर खाली ठेवाची.”

मी नजर खाली ठेवली, ताटात. पण डोक्यात एप्रिल होता. दर वर्षी जयंतीला बाबांचे मित्र आमच्या फ्लॅटमध्ये जमायचे. परवानगीशिवाय माणसं जमवायची सोय नव्हती, म्हणून पडदे ओढलेले असत. व्हरांड्यात चपलांचा ढीग दिसू नये म्हणून सगळ्यांच्या चपला आत, बाथरूमच्या दारापाशी. दारात कुणी ‘जयभीम’ म्हणायचं नाही, आत येऊन म्हणायचं. मग मेणबत्त्या, वंदना आणि बाबांचं भाषण. ते दर वर्षी एकच गोष्ट सांगायचे. आपल्या माणसांवर काय होत होतं ते कोणी छापत नव्हतं, म्हणून आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन स्वतःची वर्तमानपत्रं काढली. छापून आलं तेव्हा लोकांना कळलं की हे घडतं आहे. हे सांगताना बाबांचा आवाज चढायचा आणि आई डोळ्यांनीच खुणावायची, हळू.

पुढचे काही दिवस हाजी माझ्या टेबलाजवळ आले नाहीत. पण दुरून पाहत राहिले. मीही त्यांना चुकवत राहिले. ते गठ्ठे न्यायला आले की मी पाणी प्यायला उठायचे. काकांच्या ते लक्षात आलं. “काय गो, उंटीण झालीस काय? किती पाणी पितेस?” त्यात थट्टा होती, पण काका हसत नव्हते.

मग एके दिवशी माहिती मंत्रालयातून एक माणूस आला. तो अधूनमधून यायचा, आम्ही काम नीट करतो का ते पाहायला. पांढरा शुभ्र पोशाख, अत्तराचा वास, बोलणं अगदी मऊ. त्यानं माझ्या टेबलावरच्या दोन प्रती उजेडाकडे धरून पाहिल्या, मान डोलावली आणि केबिनमध्ये जाऊन बसला. मॅनेजरांनी चहा मागवला. केबिनचं दार अर्धं उघडं राहिलं. त्याची पाठ आमच्याकडे होती.

तेवढ्यात हाजी व्हॅनकडून आत आले. सरळ माझ्या टेबलापाशी. मला उठून जायला वेळच मिळाला नाही. त्यांनी सदऱ्याच्या आतून एक घडी केलेलं पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पेट्रोलचा वास आला.

तेच पान होतं. एका बाजूला घड्याळाची जाहिरात जेमतेम ओळखू येत होती. दुसऱ्या बाजूला, परिच्छेदाच्या जागी, करडा चिखल. त्यांनी एक प्रत घेतली होती आणि व्हॅनमधल्या पेट्रोलनं माझी शाई पुसायचा प्रयत्न केला होता. शाई निघाली होती. शाईखालची अक्षरंही तिच्याबरोबर निघून गेली होती.

“खलास,” ते कुजबुजले. “मफी. कुछ नहीं बचा, बिन्ती.”

बिन्ती म्हणजे माझी मुलगी. आधीही ते मला तसंच म्हणायचे.

“उस दिन तुम पढा. फिर मेरे को देखा. मेरा लडका था उसमें?”

मी केबिनकडे पाहिलं. मंत्रालयातला माणूस काहीतरी सांगत होता, मॅनेजर हसत होते. मी पान पटकन मासिकाखाली सरकवलं. हाजींच्या हाताकडे लक्ष गेलं. पेट्रोलनं बोटांची कातडी पांढरी पडून सुकली होती. कितीदा पुसलं असेल ते कळत होतं.

“मर गया, तो भी बोलो,” ते म्हणाले. “उसकी माँ रोज दो थाली लगाती है. मैं उसको बोलूं, एक उठा लो?”

तोपर्यंत मी समजत होते की गप्प राहिलं म्हणजे काही घडत नाही. माझ्या गप्प राहण्यातून त्यांनी केव्हाच अर्थ काढला होता आणि तो चुकीचा होता. मुलगा मेला म्हणून मी नजर चुकवते, असं धरून ते इतके दिवस गाडी चालवत होते. ज्या निरोपावर मी शाई फिरवली तो नेमका उलटा होता. आणि आता तो त्या कागदावर नव्हता, दुकानांत गेलेल्या कुठल्याच प्रतीत नव्हता. या बेटावर तो फक्त माझ्या डोक्यात होता.

हातांचं वगळावं, फक्त जिवंत आहे एवढंच सांगावं, असं आधी मनात आलं. मग वाटलं, तेही एक काळं करणंच झालं. पण सगळं सांगायचं तर वेळ लागणार होता, आणि दार अर्धं उघडं होतं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. बांधायला वेळ न मिळालेलं सामानही.

काका इतका वेळ पाठमोरे उभे होते. मला वाटलं होतं, त्यांचं लक्ष नाही. त्यांनी खाकी टेपचा मोठा रोल उचलला आणि आधीच बांधून ठेवलेल्या खोक्यावर पुन्हा टेप लावायला लागले. तो टेप ओढताना किंचाळल्यासारखा आवाज व्हायचा, रोज त्यावरून मॅनेजर ओरडायचे. आज काका तो लांबलचक ओढत होते, खोक्याला एक वेढा, दुसरा वेढा. केबिनमधून मॅनेजरांनी त्रासून पाहिलं आणि पायानं दार लोटून घेतलं.

“आता बोल गो,” काका मान न वळवता म्हणाले. “टेप संपत आला.”

त्या आवाजात माझा नेहमीचा आवाज मलाच ऐकू आला नसता. शाळेत बाई म्हणायच्या, मागच्या बाकापर्यंत पोहोचू दे. तो कधी पोहोचला नाही. मी उठले आणि माझी खुर्ची टेबलाला वळसा घालून हाजींच्या मागे नेऊन ठेवली. मग सगळ्यांनी सोडून दिलेल्या त्या नावानं, त्यांच्या मुलाच्या नावानं, मी त्यांना हाक मारली, आणि टेपच्या वर आवाज चढवून म्हटलं,

“बैठिए. वो जिंदा है. उसने ही बोला है, आपको बताने को. उसके हाथ ठीक नहीं हैं. बैठिए, मैं पूरा सुनाती हूं.”