जीपमधली जागा

यवतच्या चौकातून बायांना नसबंदीच्या शिबिराला नेणारा जीपवाला मला नेहमी भेटतो. परतीच्या वाटेवर तो गाणी लावत नाही आणि प्रत्येक गतिरोधकाआधी "धरून बसा, ताई" म्हणतो.

परवा, अंगात रक्त कमी म्हणून शिबिरातून एकदा परत पाठवलेल्या बाईला जीपमध्ये बसवून तिचा नवरा चहाच्या टपरीकडे वळला.

"तूच का करून घेत न्हाई?" जीपवाल्याने विचारलं.

"मग उसाच्या मोळ्या कोण उचलणार, दादा?"

"माझी नसबंदी टाक्याची झालीय, भावाची बिनटाक्याची. त्याला कमी दुखलं, येवढंच. तीन महिन्यांनी तपासून घेतलं, दोन्ही सारख्याच पक्क्या निघाल्या. हंगामात मोळ्या दोघंबी उचलतो."

टपरीवर हशा पिकला. तिकडे न बघता जीपवाल्याने दार उघडलं. "वहिनी, उतरा. ही जागा ह्याची हाय."

ती उतरली. नवरा बसला नाही. जीप ती जागा मोकळी ठेवून निघाली.