मृदंगवाल्याच्या दारातून

मी लग्न होऊन कानडी मुलखात, चिकपेटच्या गल्लीत आले तेव्हा तिथल्या मराठी माणसांचं सगळं भलंबुरं राममंदिरात ठरायचं. पन्नास सालानंतरचे ते दिवस. एका वर्षी भजनी मंडळाने कोपऱ्यावरचं दारूचं दुकान उठवायचं मनावर घेतलं. दर शनिवारी भजन झालं की दारूने घरं कशी बुडतात यावर बोलणं व्हायचं, मग प्रसाद खाऊन सगळे घरी जायचे. ऐकून ऐकूनच मला शीण यायचा. शेवटी एकदाचं ठरलं, रविवारी पहाटे भजन म्हणत दुकानावर फेरी न्यायची.

आमच्यात रीत अशी की फेरी मृदंगवाल्याच्या दारातून निघते. घरची बाई त्याला ओवाळते, मंडळी हार घालतात, मग पहिली थाप पडते. आमचा मृदंगवाला त्याच दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक होता. घरी येऊन बायकोला मारायचा, हेही गल्लीला ठाऊक होतं. पण हात असा गोड, की त्याला बोलणार कोण?

त्या पहाटे त्याची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, तबक घेऊन बाहेर आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. सगळे मृदंगाकडे बघत राहिले.

न राहवून मी म्हटलं, "अक्का, तुम्हीही चला ना फेरीला."

"दुकानापर्यंत कशाला जाता एवढं?" ती सगळ्यांना म्हणाली. "माझ्या दारात आलाच आहात की."

कुणीतरी घाईघाईने रामनाम सुरू केलं आणि थाप पडली.