बावीस नंबरचं दुपटं

आमच्या आईला एखादं काम सांगितलं की ती आधी नाही म्हणते आणि मग दुप्पट करते. माझा भाऊ शिवराज यानं पाचोडच्या रस्त्याला डुकरांची शेड घातली, तेव्हा तिनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. भावकीनंही नाकं मुरडली. पण वर्षभरात व्यायला आलेल्या माद्यांची देखभाल आईच्या, म्हणजे द्वारकाबाईंच्याच गळ्यात पडली आणि भावकीशी शेडवरून भांडायलाही तीच पुढं.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. आईनं जुन्या मऊ लुगड्यांची सहा दुपटी शिवली होती. एका सकाळी बघते तर पाचच.

"सहावं कुठं गेलं?"

"बावीस नंबरला दिलं."

बावीस नंबर म्हणजे शेडमधली डुकरीण. माझं डोकंच फिरलं. "माझ्या लेकराचं दुपटं डुकरिणीला?"

"चल, बघ एकदा. मंग बोल."

व्यायच्या आधी मादीला लोखंडी गजांच्या पिंजऱ्यात घालतात. आडवी होताना पिल्लं अंगाखाली चेंगरू नयेत, म्हणून. तिला उठता येतं, बसता येतं, वळता येत नाही. बावीस नंबर पुढच्या पायानं खालची लोखंडी जाळी उकरत होती. दुपटं तोंडात धरून मागं न्यायला बघायची आणि गजाला अडायची. पुन्हा तेच.

"पिल्लांसाठी जागा करायलीय," आई म्हणाली. "कालपासून हेच चाललंय तिचं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला तिथं उभं राहवेना.

आईनं बाजूच्या गजाची खीळ काढली. मी म्हटलं, "शिवराज चिडंल."

"चिडू दे. लई झालं."

गज निघाला तरी डुकरीण बराच वेळ तशीच उभी होती. मग हळूच वळली. दुपटं कोपऱ्यात नेऊन नाकानं सारखं केलं आणि दुपारी त्यावरच व्याली. दहा पिल्लं. आईनं त्या दिवशी सगळ्यांना गुळाचा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिल्लं तिच्या अंगाखाली मेलेली सापडली.

शिवराज आवाज न चढवता म्हणाला, "आई, गज काढला म्हणून जागा वाढती का? भिंत हाय तिथंच हाय."

"मंग भिंत पाड. मोठी खोली कर."

"मोठ्या खोल्या केल्या तर निम्म्या माद्या विकाव्या लागतील. मंग शेड चालंल का? तूच सांग."

आई गज घेऊन आत गेली. काहीतरी आणलं असेल, म्हणून डुकरिणीनं तोंड पुढं केलं. आईनं तिला ढकलून सरळ केलं, गज बसवला आणि खीळ स्वतःच्या हातानं घातली. दुपटं मात्र काढलं नाही.

चौथ्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात मला मुलगी झाली. आमच्याकडं बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीचं दार सव्वा महिना लावलेलं असतं. या बाबतीत आई भलतीच कडक. मोठ्या बहिणीला तिनं अंगणातसुद्धा येऊ दिलं नव्हतं.

घरी आले त्या दुपारी आईनं मला शेक दिला, मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि दार सताड उघडं टाकून निघाली.

"आई, दार?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एकीला कोंडलं तेवढं बास झालं."

आणि बावीस नंबरला पाणी पाजायला गेली.