तार नसलेलं गाव

नवं गाव बघायला निघालेला माणूस पाण्याची चौकशी करतो, डांबरी सडक किती लांब आहे ते विचारतो, शेजार कसा आहे ते बघतो. सुंदरबाई गाडीवरून उतरल्या की आधी मान वर करायच्या. तारा कुठून गेल्या आहेत, खांब किती आहेत, ट्रान्सफॉर्मरची डीपी कुठं बसवली आहे, तिच्या फ्यूजच्या पेटीला दार आहे की नाही. घर त्यानंतर. बासष्टाव्या वर्षी नंदुरबारजवळचं कोरीट सोडून सुरतेच्या आसपास एखादं गाव धुंडायची पाळी त्यांच्यावर आली, ती या तारांपायीच.

त्यांचे मालक हिलालआप्पा पाटील. थोडी शेती होती, पण घर चाललं ते वीज कंपनीतल्या वायरमनच्या नोकरीवर. बत्तीस वर्षं आप्पा खांबावर चढले. आजूबाजूच्या बारा गावांत कुठला खांब कोणाच्या बांधावर आहे, कुठली तार वादळात आधी तुटते, सगळं त्यांना तोंडपाठ. रिटायर झाल्यावर चारेक वर्षं बरी गेली. मग ते विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, आणि एक दिवस आपण रिटायर झालो आहोत हेच ते विसरले. सकाळी चहा झाला की पक्कड खिशात घालून ड्यूटीवर निघायचे. सुंदरबाईंनी पक्कड लपवली, तर स्वयंपाकघरातली सांडशी खिशात घालून निघाले. गावानं ते गोडीनं घेतलं. कोणी पारावरून विचारायचं, "आप्पा, लाईन दखी उनात का?" आप्पा मान हलवायचे. "शे, चालू शे."

मागच्या वर्षी श्रावणात, भर दुपारी, कापसाच्या शिवारातली तार निसटली. ती जोडायला लखन आला. लखन चाळिशीचा, कंपनीत कंत्राटावर, आणि आप्पांच्याच हाताखाली शिकलेला. पहिल्या खांबावरून एक लोखंडी दांडा खाली आलेला असतो. तो खाली ओढला की लाईन बंद, वर ढकलला की चालू. लखननं दांडा ओढला आणि तिसऱ्या खांबावर चढला. दांड्याला कुलूप लावायचं असतं, ते त्यानं लावलं नाही. तेवढ्यात आप्पा तिथं पोचले आणि त्यांनी दांडा वर ढकलला.

लखन जिवानिशी वाचला. उजवा हात कोपरापासून कापावा लागला. पंचनाम्यात त्यानं सांगितलं, दांडा कोणी ढकलला मी पाहिलं नाही. पण शेतातली माणसं धावत आली तेव्हा आप्पा दांडा धरून उभे होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लखननं गुरूला वाचवलं, असं लोक म्हणू लागले.

त्या दिवशी सुंदरबाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडल्या.

"तुमना हातखाल मानूस जळना. कळस का तुमले?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "लखनले सांगी दे, लाईन चालू व्हयनी."

नवव्या दिवशी लखनची बायको जसोदाबाई आली. ओट्यावर न बसता दाराशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे सुंदरबाईंना तिच्याकडे बघवेना.

"काकू, मी भांडाले उनी नही," ती म्हणाली. "पन आप्पासले आते गावमा ठेवू नका. आज मन्हा मानूस व्हता. उद्या कोनं पोरगं ऱ्हाई."

सुंदरबाई म्हणाल्या, "लई जासू."

त्याच आठवड्यात मुलगा नवनीत सुरतेहून आला आणि दोघांना घेऊन गेला. तो साडीच्या मिलमध्ये सुपरवायझर, सुरतेतल्या उधन्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. त्याची बायको काजल घरीच साड्यांना लेस लावायचं काम करायची. तिथं एकोणीस दिवस निघाले. खिडकीजवळून केबलींचा एक जाड जुडगा गेलेला होता, आणि आप्पांची नजर दिवसभर त्याच्यावर. विसाव्या दिवशी काजल दूध उतरवायला आत गेली, तेवढ्यात आप्पांनी खिडकीबाहेरच्या पत्र्यावर एक पाय टाकला होता. काजलनं मागून त्यांचा सदरा धरला आणि तसाच धरून ती खाली बसली.

संध्याकाळपर्यंत साड्यांचा गठ्ठा तसाच पडून होता. "आत्याबाई, मी त्यासले धरी बसू, का काम करू?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

त्या रविवारपासून मायलेक गाव शोधायला निघाले. नवनीतचं म्हणणं असं, की गाव सुरतेपासून तासाभरावर हवं, म्हणजे हाक मारली की मोटरसायकलवर येता येईल. डॉक्टर हवा, किराणा हवा. भाडं तो बघून घेणार होता. सुंदरबाईंचं मागणं एकच होतं आणि ते ऐकून घरमालक त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

पहिल्या रविवारी कडोदऱ्याच्या पुढचं एक गाव पाहिलं. नावाला गाव. चारी बाजूंनी कापडाच्या लूमच्या शेडी, खडखडाट, आणि डोक्यावर शेवया वाळत घातल्यासारख्या तारा. सुंदरबाई गाडीवरून उतरल्याच नाहीत.

दुसऱ्या रविवारी बारडोलीच्या अलीकडे गेले. त्या दिवशी आप्पांनाही बरोबर घेतलं होतं, रिक्षा करून. दोन्हीकडे उभा ऊस, मधून कच्ची वाट, दूध डेअरी, डेअरीसमोर डॉक्टर. गल्लीतली निम्मी घरं खानदेशातून आलेली. एक बाई अंगणात भांडी घासता घासता म्हणाली, "कोनता गावन्या तुम्ही?" नंदुरबारकडची बोली इतक्या दिवसांनी परक्या तोंडून ऐकून सुंदरबाई तिथंच थांबल्या आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा. आप्पा आपणहून ओट्यावर जाऊन बसले. शेजारचा एक म्हातारा त्यांच्याजवळ येऊन टेकला आणि दोघं कापसाच्या बोंडअळीवर बोलू लागले. आप्पा बोलत होते ते धड होतं. चहा आला तेव्हा त्यांनी बशी म्हाताऱ्याकडे आधी सरकवली आणि कशाला तरी हसले. त्यांना हसताना पाहून सहा महिने झाले असतील.

नवनीत हळूच म्हणाला, "माय, आठेच ठरवूत."

सुंदरबाई उठल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या. साठ पावलांवर डीपी होती. पेटीला दार नव्हतं. फ्यूजच्या तारा छातीच्या उंचीवर उघड्या. शेजारी एका शेळीला बांधून ठेवलं होतं.

"हिला दार बसवतील का?" त्यांनी घरमालकाला विचारलं.

घरमालक हसला. म्हणाला, वीस वर्षं अशीच आहे, अजून कोणी मेलं नाही.

सुंदरबाईंनी परत येऊन आप्पांचा हात धरला. आप्पा उठेनात. "ह्या बोली ऱ्हायनात ना मन्हासंगे," ते म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. शेवटी नवनीतनं त्यांना काखेत हात घालून उठवलं. सुरतेला घराच्या जिन्यात तो आईला म्हणाला, "जगमा कोठे तार नही, असं गाव तुले कोन दी?"

ते गाव मिळालं तिसऱ्या रविवारी. कामरेजच्या पुढं, शेतं विकून पाडलेली प्लॉटिंग. भोवती उंच भिंत, एक फाटक, आत सिमेंटचे रस्ते. चाळीस प्लॉट, त्यांतल्या सहांवर घरं, आणि त्या घरांचे मालक सुरतेतले, सणासुदीला येणारे. वीज जमिनीखालून आलेली. खांब नाही, तार नाही. डीपी फाटकाबाहेर, जाळी लावून कुलपात. वॉचमन इंद्रसिंग मोलगीच्या बाजूचा, त्यांच्याच जिल्ह्यातला निघाला. आधी ऊसतोडीला आलेला, मग इथंच राहिलेला. त्यानं एका मालकाला फोन लावला. घराची राखण होईल म्हणून मालकानं कमी भाड्यात मागची खोली दिली.

नवनीत रिकाम्या रस्त्यावर उभा राहून चारी बाजूंना बघत होता. "माय, आठे मानूसच नही."

"मानूस नको," सुंदरबाई म्हणाल्या. "तार नको."

दसऱ्यानंतर ते तिथं राहायला गेले. पहिले काही दिवस सुंदरबाईंना वाटलं, आपण बरोबर केलं. आप्पा कुठंही हिंडोत, भिंतीबाहेर जाणार नव्हते. कित्येक महिन्यांनी त्या दुपारच्या डोळा मिटून पडल्या. आप्पा सकाळी सांडशी खिशात घालून निघायचे, भिंतीच्या कडेकडेनं चालायचे, मान वर करून. एक फेरी, दुसरी फेरी. फाटकाशी थांबून इंद्रसिंगला विचारायचे, "लाईन कोनीकडथून गयी?" इंद्रसिंग पायाखालची जमीन दाखवायचा. आप्पा तिथं उकिडवे बसून सिमेंट निरखायचे. मग परत यायचे आणि खोलीतल्या बल्बखाली उभे राहायचे. बल्ब जळत होता. तो कशाच्या जिवावर जळतो हे त्यांना काही केल्या सापडत नव्हतं.

कार्तिकात फेऱ्या कमी झाल्या. एक सकाळ अशी आली की चहा झाला तरी आप्पा उठले नाहीत. सुंदरबाईंनी स्वतः सांडशी आणून त्यांच्या हातात दिली. "ड्यूटी नही का आज?"

आप्पांनी सांडशी उलटसुलट करून बघितली आणि गादीवर ठेवली. "बाई," ते म्हणाले, "आठे काय काम शे?"

बायकोला त्यांनी परक्यासारखं बाई म्हटलं ते त्या दिवसापासून. पुढं तेवढंही बोलणं राहिलं नाही. बसवलं तर बसायचे, भरवलं तर खायचे. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच वाढत जातो, जागा बदलली की कधी कधी लवकर वाढतो. ते शेवटचं वाक्य नवनीत आईला सांगायचं टाळत होता, पण डॉक्टर गुजरातीत बोलले होते आणि नंदुरबारच्या माणसाला तेवढं गुजराती कळतं. पौषात छातीत कफ झाला. पाच दिवसांत आप्पा गेले. सकाळचे दहा वाजले होते. प्लॉटिंगवर खांदा द्यायला माणसं नव्हती. इंद्रसिंग, नवनीत आणि मिलमधून आलेले दोघं, असे चौघं झाले. तापीकाठी अग्नी दिला.

तेरावं कोरीटला केलं. जेवणावळ उरकून माणसं पांगली, तेव्हा लखन आला. तोवर तो आला नव्हता. सदऱ्याची उजवी बाही पिनेनं वर अडकवलेली. ओट्यावर बसला. सुंदरबाईंनी पाणी दिलं, ते त्यानं डाव्या हातानं घेतलं.

"काकू, आप्पासनी माले इचारं व्हतं," तो म्हणाला.

"काय इचारं व्हतं?"

"खालथून आवाज दिना. म्हने, लखन, चालू करू का रे? पंधरा वरीस असंच चालनं ना आमनं. त्या इचारेत, मी हा म्हनू. त्या दिनले मी फोनवर बोली ऱ्हायंतू. कोनं इचारं, काय इचारं, ध्यानमाच उनं नही. तोंडथून निंघी गयं, हा आप्पा, करा."

अंगणात नवनीत मंडपवाल्याशी बोलत होता, त्याचा आवाज येत होता.

"त्यासनी इचारीसनच करं, काकू. काय बी चुकनात नही त्या. आन मी कोनलेच सांगं नही. लोके मालेच मोठा म्हनू लागनात, मंग माले बोलाले तोंडच ऱ्हायनं नही."

सुंदरबाईंना बारडोलीकडचा तो ओटा आठवला, बशी पुढं सरकवणारा हात आठवला. आप्पांना तिथून ओढून आणलं होतं. पण आप्पांचं डोकं गेलेलं होतं हेही खोटं नव्हतं. आज विचारलं होतं, उद्या विचारलं नसतं. तिथल्या उघड्या पेटीत त्यांनी हात घातला असता किंवा नसताही घातला. हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. त्यांना लखनचा राग येईना आणि त्याला माफ करावं असंही वाटेना. तो आधी बोलला असता तर, एवढंच मनात येत राहिलं. श्रावणात बोलला असता, निदान दसऱ्याच्या आत.

लखन म्हणाला, "गावले सांगी देऊ का?"

त्याच्या नुकसानभरपाईचे कंपनीतले कागद अजून चालू होते. जसोदाबाईला अंगणवाडीत काम मिळायचं चाललं होतं. घरात दोन पोरी होत्या. सुंदरबाईंना हे सगळं ठाऊक होतं.

"नको," त्या म्हणाल्या.

"नवनीतदादाले?"

"त्याले बी नको. जाय आते घर."

लखन उठला. पाया पडायला वाकला, तेव्हा सुंदरबाईंनी पाय मागे घेतले. तो तसाच निघून गेला.

सुंदरबाई परत सुरतेला गेल्या नाहीत. नवनीत अधूनमधून फोन करतो, चल म्हणतो. त्या नाही म्हणतात, आणि तो फार आग्रह करत नाही. त्याच्या बोलण्यात अजून थोडी अढी आहे. बारडोलीला राहिलो असतो तर, हे तो एकदा बोलून गेला होता. लखन काय बोलला, ते सुंदरबाईंनी त्याला तेव्हाही सांगितलं नाही.

गावात कधी लखनचा विषय निघतो. आता उन्हाळ्यात गिरणीवर दळणाच्या रांगेत एक नवी लग्न होऊन आलेली मुलगी विचारत होती, त्या माणसाचा हात कसा गेला. कोणीतरी तिला सांगितलं, हिलाल पाटील म्हणून एक वायरमन होता, डोक्यानं गेलेला, त्यानं जाळलं. सांगणारीला सुंदरबाई मागे उभ्या आहेत हे दिसलं नव्हतं. दिसलं तेव्हा ती ओशाळली आणि म्हणाली, काकू, तुमचं दळण आधी घ्या. सुंदरबाईंनी डबा पुढं केला, पीठ होईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि डबा डोक्यावर घेऊन घरी गेल्या.