अकरा मिनिटं हत्ती उभे होते

सांगलीतल्या एका डॉक्टरांनी आणि माझ्या मुलीने मिळून मला फसवलं. मीही त्यांना फसवलं, ते पुढे सांगतो. जीव त्यांनीच वाचवला, हेही मान्य आहे. पण जीव वाचवला म्हणून फसवणूक माफ होत नाही.

डॉक्टरांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर ठोकलं, तोही हलला नाही. मग माझ्या मुलीकडे, स्वातीकडे बघून ते म्हणाले, "जी.बी.एस. वाटतंय. गिया-बारे सिंड्रोम." पाय माझे होते, पण सांगितलं तिला. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

हा आजार असा: शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. पुष्कळदा आधी साधे जुलाब किंवा सर्दी-ताप झालेला असतो. मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी, खंडाळ्याकडे बकरी बघायला गेलो होतो. तिथून आल्यावर चार दिवस पोट बिघडलं होतं, मग बरं झालं, आणि मी विसरूनही गेलो.

दोन आठवड्यांनी तळपायांना मुंग्या आल्या. मला वाटलं, नवीन चप्पल लागली असेल. दुसऱ्या दिवशी टेंपोत चढताना पाय उचलेना. तिसऱ्या दिवशी आष्ट्याच्या बाजारात होतो. आमच्या धंद्यात जुनी माणसं अजून टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. मी समोरच्याची बोटं धरली. तो म्हणाला, "आप्पा, दाबा की." मी दाबतच होतो.

माणदेशातून बापाची बारा मेंढरं घेऊन आलो आणि या हातावर घर बांधलं, मुलीला इंजिनिअर केलं. तो हात गेला तर माझ्याकडे उरतं काय, एवढाच विचार दवाखान्यात पोहोचेपर्यंत डोक्यात होता.

नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी केली. त्यात विजेचे बारीक झटके देऊन नसेतून निरोप जातो का बघतात. माझ्या पायात तो जात नव्हता. मग लंबर पंक्चर केलं, म्हणजे मणक्यातून सुईने पाणी काढलं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेलं औषध असतं ते, सलाईनसारखं पाच दिवस चढवतात. लगेच गुण येत नाही. उलट पहिले काही दिवस माणूस खालीच जातो. हे मात्र मला सांगितलं होतं.

पडून राहण्याचा थकवा मला माहीत नव्हता. कड बदलायला दोन माणसं लागायची. उशीची घडी मानेखाली टोचायची, आणि ती काढ म्हणायचाही कंटाळा यायचा.

दिवसातून तीन-चार वेळा डॉक्टर यायचे. "काका, मोठा श्वास घ्या आणि एका दमात जमतील तेवढे आकडे मोजा." पहिल्या दिवशी मी सत्तावीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकवीस झाले, मग सोळा. ते कागदावर लिहायचे आणि जायचे. कशासाठी मोजायचं, कुणी बोललं नाही. मला वाटलं, डोकं ठिकाणावर आहे का ते बघतायत. बाजारात लंगडं जनावर कुणी चालवून दाखवत नसतं. म्हणून मी मधे नाकाने हळूच थोडा श्वास ओढायला लागलो आणि आकडा बावीसवर नेला. डॉक्टर काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना.

मी जेवायचं सोडलं होतं, कुणाशी बोलतही नव्हतो. तेव्हा स्वातीने टॅबवर एक गेम लावून दिला. जुन्या काळातल्या राजांच्या लढायांचा. लाकूड तोडायचं, धान्य पिकवायचं, वस्ती उभी करायची, घोडेस्वार ठेवायचे आणि दुसऱ्याचं राज्य मोडायचं. ती हॉस्टेलला असल्यापासून खेळायची. ती तिच्या फोनवर, मी टॅबवर. माझं उजवं बोट हलायचं, पण हात उचलत नव्हता. म्हणून माझी बायको इंदू कोपर धरायची आणि मी बोट फिरवायचो. दोघांचा मिळून एक हात.

रोज हरायचो. पण हरल्यावर राग यायचा आणि राग आला की दोन घास जायचे. इंदूने ते ओळखलं. ती रोज स्वातीला म्हणायची, "हरीव त्यास्नी, मग भात लावते."

सहाव्या दिवशी दुपारी स्वातीच्या हत्तींनी माझी सगळी वस्ती जाळली. शेतं गेली, तट गेला.

"आवं, समदं जळालं की तुमचं," इंदू म्हणाली.

"न्हाई. दोन माणसं हायती नदीपल्याड झाडीत."

"आप्पा, हार माना आता," स्वाती म्हणाली.

"तुझं हत्ती नदी उतरू देत, मग मानतो."

तेवढ्यात दारातून डॉक्टरांनी तिला खुणावलं. फोन हातात घेऊनच ती उठली. "इथं रेंज तुटतीय आप्पा, बाहेरून खेळते," म्हणाली आणि गेली.

मी झाडीतली दोन माणसं नकाशाच्या कोपऱ्यात नेली. तिथं बाजारपेठ बांधली. गेममध्येही बाजार असतो, आणि बाजार मला शिकवावा लागत नाही. लाकूड स्वस्त झालं की घ्यायचं, धान्य महाग झालं की काढायचं. तेवढ्यावर आठ घोडेस्वार केले, मग वीस. इंदूचा हात भरून आला होता, तरी तिने कोपर सोडलं नाही. "कुठं जायाचं आता?" "वरच्या अंगानं. मागच्या दारानं." स्वाती परत आली तेव्हा माझे घोडे तिच्या राजवाड्यात शिरले होते. तिचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, काहीतरी गेलंय डोळ्यात. मी जिंकलो. आजारपणात पहिल्यांदा हसलो.

संध्याकाळी मला आयसीयूत हलवलं. फक्त खबरदारी म्हणून, असं सांगितलं. शेजारी एक मशीन आणून ठेवलं, ते लावलं मात्र नाही. दोन दिवस आकडा तिथंच थांबला. मग चढायला लागला.

मी मनाशी धरून बसलो की त्या डावानेच मला उठवलं. फिजिओथेरपीत, म्हणजे हातपाय पुन्हा शिकवतात त्या खोलीत, येईल त्याला सांगायचो. कुपवाडचा एक कामगार याच आजाराने यायचा. त्याला म्हणायचो, "गड्या, झाडीत दोन माणसं शिल्लक असली तरी लय झालं." तो बिचारा मान हलवायचा. स्पंजचा चेंडू दाबायला मला पाच आठवडे लागले, वॉकर सोडायला चार महिने. अजून दुपारनंतर पाय जड होतात. या आजारात थकवा सगळ्यात शेवटी जातो म्हणतात. माझा अजून गेलेला नाही.

गेल्या महिन्यात मेहुणा भेटायला आला. त्याला तो डाव दाखवावा म्हणून टॅब काढला. खेळलेला डाव गेम जपून ठेवतो, आणि पुन्हा बघताना समोरच्याची बाजूही दिसते. मी स्वातीची बाजू लावली. तिचे चाळीस हत्ती नदीच्या काठावर उभे. पुढे जात नाहीत, मागे येत नाहीत. मी कोपऱ्यात बाजार बांधतोय, घोडे करतोय, आणि ते उभेच. अकरा मिनिटं.

मी पुण्याला तिला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. मला जिंकू दिलंस? मला? माझी कीव केलीस?

तिने माझं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "आप्पा, तुम्हाला जिंकू दिलं नाही मी. मी खेळतच नव्हते. सही करत होते."

डॉक्टर तिला बाहेर म्हणाले होते, "काका मधे श्वास चोरतात, मी बघतोय. खरा आकडा बाराच्या आत आलाय. छातीचे स्नायू दमलेत. आज-उद्या व्हेंटिलेटर लागू शकतो." म्हणजे श्वास देणारं यंत्र. घशात नळी घालतात, माणसाला बोलता येत नाही. कुणाला आठवडा लागतो, कुणाला महिने. "त्यांना सांगू नका, घाबरतील," असंही म्हणाले. तिने संमतीच्या कागदावर सही केली, तोंड धुतलं आणि आत आली. आईलाही बोलली नाही.

मी फोन ठेवला. इंदू शेजारी शेंगा सोलत होती. तिला सांगितलं. तिने हातातली शेंग तशीच खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी त्या दिवशी तुमचं बोलनं बंद व्हनार हुतं, आन् मी इच्यारत हुते घोडं कुठं न्यायचं."

राग हरण्या-जिंकण्याचा नाही. हरलो असतो तर चाललं असतं. त्या दुपारी मला कळलं असतं की उद्यापासून कदाचित बोलता येणार नाही, तर मी टॅब बाजूला ठेवून इंदूशी बोललो असतो. बत्तीस वर्षांत जे बोललो नाही त्यातलं थोडं तरी. ते मी आता बोललो, कारण नळी लागली नाही. लागली असती आणि परत निघाली नसती तर?

मुलीला मी माफ केलं आहे. 'सांगू नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांचं तिने ऐकलं, आणि सही करताना तिच्याजवळ कुणी नव्हतं.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर एका दमात आकडे मोजायला सांगतील तेव्हा श्वास चोरू नका. तो आकडा डोक्याचा नाही, छातीचा असतो. चोरून मी स्वतःलाच मारत होतो. पण कशासाठी मोजायचं हे एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी चोरला असता का?

डॉक्टरसाहेब, पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. स्वाती येईल, पण ती बाहेर बाकावर बसेल. माझ्या श्वासाचा हिशेब माझ्यापासून का लपवला, एवढं मी विचारणार आहे. घाबरलो असतो तर घाबरलो असतो, तो माझा हक्क होता. उत्तर तयार ठेवा. आणि ते मला द्या, माझ्या नातेवाइकांना नाही.